दोन दिवसांसाठी हेडफोन घरी येणार, त्याआधी

निपाणीच्या मित्राकडं सेनहायझरचा एचडी ६०० आहे, कोल्हापूरच्या एकाकडं हायफायमॅनचा सुंदारा. दोघंही शनिवार-रविवारसाठी आपापला हेडफोन द्यायला तयार झालेत. माझा एचडी ५६०एस आहेच. ओपन-बॅक, म्हणजे पाठ उघडी असलेला हेडफोन, बदलायचा तर आपल्या घरी, आपल्या खुर्चीत, रोज ऐकतो तेच गाणं लावून बघावा, या मताचा मी आहे. पण दोन दिवस कधी सरतात कळत नाही, म्हणून तयारी आधीच लिहून काढली. तुमच्याकडंही असा जोड येणार असेल तर कामाला येईल.

पहिलं काम आपल्याच हेडफोनच्या पॅडचं. वर्षानुवर्षं वापरून पॅड चेपतात, कान ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, जवळ जातो आणि आवाजाचा पोत बदलतो. चेपलेल्या पॅडचा आपला आणि टवटवीत पॅडचा मित्राचा अशी तुलना केली तर आपण पॅडच ऐकत बसतो. मागच्या वर्षी मी माझा हेडफोन विकायलाच काढला होता. नवीन पॅड चढवले आणि तो विचार सहा महिने पुढं गेला. पावसाळ्यात मखमली पॅडना बुरशीही धरते. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि घामेजलेले पॅड वाळल्याशिवाय झाकण लावू नका.

मग दिवस ठरवायचा. ओपन-बॅकची पाठ जाळीची असते, बाहेरचं सगळं आत येतं. बेळगावात शहापूरच्या आमच्या कौलारू घरात आषाढ-श्रावणात तानपुरा कुठला आणि पागोळ्या कुठल्या, हे कळायला वेळ लागतो. गणपतीचे दिवस तर सोडूनच द्या, तेव्हा रस्त्यावरचंच ऐकायचं असतं. मी दसऱ्यानंतरचा शनिवार धरलाय आणि वेळ पहाटे साडेपाच ते सात, दूधवाला यायच्या आत. पंखा बंद. आतलाही आवाज बाहेर जातो, त्यामुळं शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असेल तर आदल्या रात्री सांगून ठेवा.

लॅपटॉप आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी चार्जर काढून ठेवायचा. जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं. चार्जर लावला की बारीक गुणगुण येते आणि दोष हेडफोनच्या माथी जातो.

अ‍ॅम्पकडं जरा जास्त लक्ष द्या. हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, ओहममध्ये मोजतात. एचडी ६०० हा ३०० ओहमचा, ५६०एस १२० ओहमचा, सुंदारा ३७ ओहमचा. पहिल्याला व्होल्टेज लागतं, शेवटच्याला करंट. घरातल्या जुन्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या हेडफोन सॉकेटमध्ये बहुधा आत मोठा रेझिस्टर असतो. एचडी ६००चा इम्पीडन्स खर्जाकडं बराच वर चढतो, त्यामुळं अशा सॉकेटवर त्याचा खर्ज फुगतो. सुंदारा प्लेनर जातीचा, म्हणजे चुंबकांजवळ ताणलेल्या पातळ सपाट पडद्याचा, त्याचा इम्पीडन्स जवळपास सपाट. तिथं नुसता आवाज लहान होतो, पोत तोच राहतो. म्हणजे सॉकेट चुकलं तर निकालही चुकला. तिन्ही एकाच अ‍ॅम्पवर ऐका, आणि त्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे सॉकेटचा स्वतःचा अडथळा, हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असू द्या. सुंदारासाठी तो साडेचार ओहमच्या खाली हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आवाज एक डेसिबलनं मोठा असला तरी तो हेडफोन आपल्याला जास्त चांगला वाटतो, आणि मोठा आहे हे कानाला कळतसुद्धा नाही. म्हणून आवाज सारखा करून घेणं चुकवू नका. वहीच्या जाड पुठ्ठ्याला मधोमध बोटभर भोक पाडा. फोनमध्ये आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, फोनचा माइक भोकाशी धरा आणि पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूनं हेडफोनचा एक कप दाबून ठेवा, कड कुठं उघडी राहता कामा नये. पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या सप्तकांत सारखा जोर असलेला सळसळाट, लावा. तिन्ही हेडफोनवर आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत येईल अशा व्हॉल्यूमच्या जागा शोधून कागदावर टिपा. फोनचा आकडा खरा नसला तरी चालतो, तिघांना माप एकच आहे. माझा पहिला पुठ्ठा पातळ निघाला, दाबला की वाकायचा आणि आकडा दर वेळी वेगळा. लग्नपत्रिकेच्या खोक्याचं झाकण उत्तम चाललं.

रेकॉर्डिंग पाचच निवडा. माझं पहिलं कुमार गंधर्वांचं, जुनं मोनो. कुमारजींचा जन्म १९२४ सालचा, आपल्याच सुळेभावीचा, तेव्हा बेळगावकराला हे वेगळं सांगायला नको. मोनो घ्यायचं कारण साधं: दोन्ही कानांत एकच आवाज जातो, म्हणून गळा बरोबर कपाळाच्या मध्यावर उभा राहिला पाहिजे. तो एका अंगाला झुकला तर पॅड नीट बसलेले नाहीत किंवा ड्रायव्हर सारखे नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून वापरलेला जोड घेतला, ही परीक्षा न करता. उजवी बाजू हलकी होती, महिन्यानं लक्षात आलं. तो पैसा गेला. नंतर तंबोऱ्याची जवारी ऐका, षड्ज सुटल्यावर वर तरंगणारे स्वर किती वेळ धरून राहतात ते. मग डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड. प्लेनर खर्जात खोलवर सपाट जातो, फरक तिथं कळेल. चष्मा असेल तर काढूनही ऐका, काडीमुळं पॅडला फट पडते आणि सुंदाराचा खर्ज त्या फटीतून जातो.

वीस ते दोनशे हर्ट्झचा स्वीपही, म्हणजे खालून वर चढत जाणारा एकच सूर, हळू आवाजात एकदा फिरवा. कुठं फरफर आली तर बहुधा पडद्याला केस टेकलेला असतो. मित्राला न विचारता तो काढायला जाऊ नका.

तुकडा पंधरा-वीस सेकंदांचाच ठेवा आणि लगेच दुसरा हेडफोन चढवा, कानाची आठवण फार टिकत नाही. शनिवार या अदलाबदलीला. रविवारी मात्र प्रत्येकावर एक अख्खा ख्याल, मध्ये न थांबता. सुंदारा ३७२ ग्रॅमचा, एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा, पण नवा असताना तो कानशिलं आवळतो. चाळिसाव्या मिनिटाला डोकं काय म्हणतं, ते वहीत लिहा.

रविवारी रात्री दोन्ही हेडफोनचे पॅड कोरड्या सुती कापडानं पुसून, केबल सैल गुंडाळून डब्यात ठेवायचे. सोमवारी निपाणीच्या बसला जाताना वाटेत अर्धा किलो कुंदा घ्यायचा आहे.