बालवाडीतलं मूल आणि घर: पालकांनो, या चुका टाळा

जून आला की आमच्या बालवाडीच्या दारात पहिले पंधरा दिवस नुसती रडारड असते. मी सोलापूरच्या पूर्व भागात लहान मुलांना शिकवते. विडी वळणाऱ्या, टॉवेल शिवणाऱ्या आया आणि यंत्रमागावर जाणारे वडील पोटाला चिमटा काढून मुलाची फी भरतात. त्यांच्या मायेत काही कमी नसतं. तरीही दर वर्षी त्याच चुका होतात, कारण मुलाच्या शिक्षणात लक्ष घालायचं म्हणजे घरी अभ्यास घ्यायचा, असं बहुतेकांना वाटतं. तीन ते सहा वर्षांचं मूल बोलण्यातून, खेळण्यातून आणि हाताला मिळालेल्या कामातून शिकतं. हे तिन्ही घरात भरपूर असतं. आपण नेमकं तेच बंद करतो आणि वही उघडून बसतो.

‘घरात तेलुगू बोलायचं नाही’

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. आपल्या गावात घराघरांतून तेलुगू आणि कन्नड बोलली जाते. शाळेत घालायची वेळ आली की आई-वडील ठरवतात, आता मुलाशी मराठीतच बोलायचं, नाहीतर थेट इंग्रजीत. स्वतःला जेमतेम येणाऱ्या भाषेत आई बोलायला लागली की तिचं बोलणं चार वाक्यांवर येतं: ये, बस, खा, झोप. गोष्ट संपते, चिडवणं संपतं, ‘असं का गं?’ला उत्तर मिळत नाही. अव्वा, म्हणजे आजी, तर मुलाशी बोलायचीच थांबते.

एकदा वर्गात चित्रं दाखवत होते. मांजराचं चित्र आलं तशी एक मुलगी टुणकन उठून म्हणाली, “पिल्ली!” बाकीची मुलं हसली. त्यांना वाटलं, तिला पिल्लू म्हणायचंय. तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात, म्हणजे तिचं उत्तर अगदी बरोबर होतं. पण ती खाली बसली आणि आठवडाभर तिनं तोंड उघडलं नाही. मग मी तिच्या अव्वाला वर्गात बोलावलं आणि मांजराची गोष्ट तेलुगूतच सांगायला लावली. मुलं मागून “पिल्ली, पिल्ली” ओरडायला लागली आणि ही सगळ्यांना अर्थ सांगत सुटली.

मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. सुरुवातीला सरमिसळ करतं, ‘अम्मा नीळ्ळू दे’ (आई, पाणी दे) म्हणतं, त्यानं घाबरू नका. घरच्या भाषेत ज्याच्याजवळ भरपूर शब्द आहेत, ते मूल मराठीही लवकर उचलतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिकवण्याचं माध्यम असावी, असं म्हटलं आहे. म्हणून घरी पोटभर आपल्या भाषेत बोला. गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून, आलात की रात्री मुलाला विचारा, आधी काय पाहिलं, मग काय खाल्लं, नंदीध्वज किती होते, पाळण्यात भीती वाटली का? अनुभव क्रमानं सांगता येणं, ही पुढच्या वाचन-लेखनाची खरी तयारी आहे.

‘बाई, वहीत काहीच लिहून घेतलं नाही?’

साडेतीन वर्षांच्या मुलाचा हात धरून पानभर ‘अ’ गिरवून घेऊ नका. या वयात मनगटातली सगळी हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात. बोटांत जोर नसतो, मग मूल पेन्सिल मुठीत धरतं, दाबून लिहितं, हात दुखला की वही फेकतं. आपण म्हणतो, अभ्यासाचा कंटाळा करतो.

आधी बोटं तयार करा. ज्वारीचं पीठ मळताना एक गोळा मुलाला द्या, त्याची वेडीवाकडी भाकरी थापू दे. चटणीसाठी शेंगा फोडायला घेतल्या की त्याला शेजारी बसवा. शेंग चिमटीत धरून फोडायला जी बोटं लागतात, तीच पुढे पेन्सिल धरतात. फक्त तुम्ही जवळच बसा आणि लहान मुलाला अख्खा दाणा तोंडात टाकू देऊ नका, तो घशात अडकतो. आणि तंबाखूच्या सुपाजवळ मुलाला अजिबात बसवू नका, मदत म्हणूनही नाही.

आकड्यांचंही तसंच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला सांगून बघा, “घरात आपण पाच जण, ताटं घेऊन ये.” पुष्कळदा ते आठ तरी आणतं, नाहीतर तीन. पाच म्हणजे किती, हे त्याला अजून कळलेलं नसतं. रोज ताटं मांडू द्या, शिवलेल्या टॉवेलांच्या घड्या मोजू द्या. पाढे नंतर येतील.

दारातून गुपचूप निसटणं

“बाई, पोरगं लईच रडालंय बघा, मी तिकडनं हळूच जाते,” असं म्हणून आई मागच्या मागे जाते. मूल खेळण्यातून मान वर करतं, तर आई नाही. दुसऱ्या दिवशी ते पदर सोडतच नाही, कारण नजर हटली की आई जाते हे त्याला कळलेलं असतं. सांगून जा. “खिचडी खाऊन झाली की मी येते,” एवढंच बोला, एकदा जवळ घ्या आणि निघा. घड्याळातली वेळ त्याला समजत नाही, खिचडी समजते. आणि त्या वेळेला खरंच या. दारात अर्धा तास रेंगाळलात तर रडणं वाढतंच.

शाळेचं शाळेत, घरचं घरात

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आजच्या अंगणवाडीमागे तोच विचार आहे. म्हणून पालकसभेला फक्त सही करायला येऊ नका. “माझं मूल इथं कुणाशी खेळतं? कशाला घाबरतं?” हे विचारा. ‘एबीसीडी कुठवर आली’ हा प्रश्न राहिला तरी चालेल. वडिलांनीही यावं. रात्रपाळी असेल तर सकाळी सोडायला या, तेवढ्यात उभ्या उभ्या दोन मिनिटं बोलता येतं. घास भरवताना हातात मोबाइल देणं मात्र आजच बंद करा. जेवताना होणाऱ्या गप्पाच त्यानं खाऊन टाकल्यात.

अडचण बाईंपासून लपवणं

मुलाला नाव ठेवतील म्हणून घरचे काही गोष्टी सांगत नाहीत: झटके येतात, उशिरा बोलायला लागला, कान फुटतो. आमच्याकडे एक मुलगा होता. हाक मारली तरी वळायचा नाही. घरी ‘हट्टी आहे’ म्हणून मार खायचा, आणि वर्गात मीही दोन महिने त्याला हट्टीच समजले. एक दिवस त्याची आजी बोलता बोलता म्हणाली, कानातून पाणी येतं, पण पावसाळ्यात येतंच की. मूल हाकेला वळत नसेल, तीन वर्षांचं होऊनही कुठल्याच भाषेत दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथक येऊन गेलं असेल तर थांबू नका, सिव्हिलमध्ये कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवा. त्या मुलाचे कान बरे व्हायला औषध आणि काही आठवडे लागले. तोवर आम्ही त्याला पुढे बसवलं, आणि घरच्यांना सांगितलं की त्याच्या समोर बसून, तोंड दिसेल असं बोला.