नकार आला की 'किंवा' फसवतो

प्रोग्राममध्ये अट लिहिताना वापरायच्या 'अँड' (आणि), 'ऑर' (किंवा) आणि 'नॉट' (नाही) यांच्या सत्यसारण्या, म्हणजे कोणता भाग खरा-खोटा असता उत्तर काय येते याचे तक्ते, शिकणाऱ्या प्रत्येकाने वहीत उतरवलेल्या असतात, म्हणून त्या येथे पुन्हा मांडत नाही. नागपुरात बर्डीवरच्या ज्या क्लासमध्ये मी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले, तेथे त्या पाढ्यांसारख्या म्हणून घेत असत. मला त्या तोंडपाठ होत्या, आणि तरीही परसोडीच्या आयटी पार्कमधील पहिल्या नोकरीत मी त्यांवरच अडखळले.

काम साधे होते. एका दुकानाला नागपूर आणि कामठी येथील ग्राहकांना माल मोफत घरपोच द्यायचा होता आणि बाकीच्यांकडून 60 रुपये घ्यायचे होते. 'गाव नागपूर किंवा कामठी नसेल, तर शुल्क लावा,' असे मनाशी म्हणत मी अट लिहिली: गाव != "नागपूर" ऑर गाव != "कामठी" (!= म्हणजे 'समान नाही', == म्हणजे 'समान आहे'). वर्ध्याचा पत्ता घालून पाहिला, 60 रुपये लागले, आणि मी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी नागपूरच्याच धरमपेठेतल्या ग्राहकांनाही शुल्क लागले होते.

आता हे सावकाश वाचा. ग्राहक नागपूरचा असेल तर पहिला भाग खोटा ठरतो. पण त्याचे गाव कामठी नाही, म्हणून दुसरा भाग खरा ठरतो, आणि 'ऑर'ला एक खरा भाग पुरतो. कामठीकराच्या बाबतीत नेमके उलट घडते. ही अट खोटी ठरायची, तर एकच गाव एकाच वेळी नागपूरही असावे लागेल आणि कामठीही. बोलताना आपला 'नसेल' दोन्ही गावांना मिळून लागतो, लिहिताना मात्र मी तो दोन तुकड्यांत वाटला होता. तसा वाटला की 'ऑर'चा 'अँड' करावाच लागतो; नाहीतर नॉट (गाव == "नागपूर" ऑर गाव == "कामठी") असा सगळा नकार कंसाबाहेर ठेवावा. 1806 साली मदुराईत जन्मलेल्या गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तो हाच; क्लासमध्ये तो परीक्षेला येत नाही म्हणून वगळला होता.

घाईत मी गाव == "नागपूर" ऑर "कामठी" अशीही दुरुस्ती करून पाहिली, आणि ती त्याहून वाईट निघाली, कारण पायथॉन रिकाम्या नसलेल्या मजकुराला खरेच मानते, म्हणजे नुसते "कामठी" नेहमी खरे ठरते. शेवटी एका वरिष्ठांनी माझा कीबोर्ड ओढून अर्ध्या मिनिटात अट सुधारली. मला काहीच कळले नाही, आणि आठवड्याभरात तीच चूक मी पुन्हा केली. असे मार्गदर्शक भेटले तर आभार मानावेत, पण कीबोर्ड सोडू नये. तयार उत्तर उतरवून घेण्याविषयीही माझे मत याहून बरे नाही.

घाबरण्यासारखे यात काही नाही. ही चूक बुद्धीची नसून बोलीच्या सवयीची आहे. 'अँड' आणि 'ऑर' एकाच ओळीत आले, तर 'अँड' आधी सोडवला जातो हे ठाऊक असले तरी कंस घालावेत. मी आजही अट लिहिण्याआधी कागदावर नागपूर, कामठी आणि वर्धा अशी तीन नावे लिहून प्रत्येकासमोर अपेक्षित उत्तर मांडते, आणि वर्धा मुद्दाम शेवटी तपासते.