रीफवर डायव्हिंगचा सीझन: या चुका टाळा

"डायव्हिंगला जायचंय, चांगला महिना कोणता?" हे मला इतक्यांनी विचारलंय की आता मी उत्तर देण्याऐवजी उलट विचारते, "बेटाच्या कुठल्या बाजूला?" समोरचा जरा वैतागतो. त्याला 'नोव्हेंबर ते एप्रिल' असं काहीतरी सुटसुटीत हवं असतं. ते उत्तर खोटंही नसतं. पण तेवढ्याच भरवशावर तिकीट काढून आलेले लोक भर जानेवारीत बोटीच्या कठड्यावर ओणवे होऊन ओकताना मी पाहिलेत.

उष्ण कटिबंधातल्या बहुतेक रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या खडकांवर, पाणी वर्षभर २६ ते ३० अंशांच्या आसपास असतं. आपल्या ओळखीचे उन्हाळा-हिवाळा तिथे फारसे नसतातच. बदलतो तो वारा. वर्षाचे काही महिने तो एका दिशेने येतो, मग दिशा पालटतो, आणि मधल्या काही आठवड्यांत नुसता घुटमळतो. सीझन म्हणजे या वाऱ्याचं वेळापत्रक. ते न वाचता नुसता महिना पाहिला की चुकांची रांग लागते.

देशाचा सीझन विचारणं

श्रीलंकेचा सीझन कोणता? पश्चिमेच्या हिक्कडुवाला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पूर्वेच्या त्रिंकोमालीला मे ते सप्टेंबर. देश तोच, बेट तेच, फक्त किनारा वेगळा. नैऋत्येचा वारा सुटला की पश्चिमेचा समुद्र खवळतो आणि पूर्वेची बाजू जमिनीच्या आडोशाला येते. ईशान्येचा सुटला की उलट. थायलंडमध्येही हेच. अंदमान समुद्रातली सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात, आणि त्याच काळात पलीकडच्या आखातात कोह ताओला लोक रोज पाण्यात उतरत असतात.

मालदीवमध्ये ही गोष्ट आणखी बारकाईने दिसते. तिथल्या ईशान्य मोसमी काळाला स्थानिक लोक इरुवाई म्हणतात, नैऋत्य मोसमी काळाला हुल्हंगु. इरुवाईत प्रवाह मुख्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. त्यामुळे प्रवाळबेटांच्या पूर्व कडेला खुल्या समुद्राचं स्वच्छ पाणी येतं आणि पश्चिम कडेला प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी, गढुळलेलं. मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले अवाढव्य मासे त्या प्लवकांवर जगतात, म्हणून त्या महिन्यांत मांटा पश्चिमेला. हुल्हंगुमध्ये सगळं उलटं. एखाद्याने सांगितलं की अमुक ठिकाणी मांटाच मांटा होते आणि तुम्ही सहा महिन्यांनी तिथेच गेलात, तर निळंशार रिकामं पाणी पाहून याल. त्यात त्याची चूक नाही, मांटांची तर नाहीच.

म्हणून बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: त्या महिन्यात वारा कुठून येतो, रीफ बेटाच्या कुठल्या अंगाला आहे, आणि तो वारा वाढला तर बोट कुठे नेता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन आलं तर समजा की ही मंडळी रोज पाण्यात असतात. "आमच्याकडे नेहमीच मस्त असतं" असं आलं तर दुसरीकडे विचारा.

पावसाला घाबरणं आणि उन्हावर भाळणं

पाऊस स्वतः डायव्हरचं काहीच बिघडवत नाही. दहा मीटरवरून वर पाहिलं तर पृष्ठभागावर टाचण्या टोचल्यासारखं दिसतं, एवढंच. बिघडवतो तो नदी-ओढ्यांतून येणारा गाळ. डोंगराळ बेटाच्या किनाऱ्यालगतची रीफ एका रात्रीच्या पावसाने दोन-तीन दिवस चहाच्या रंगाची होऊ शकते. पण सपाट प्रवाळबेटावर ना डोंगर ना नदी. तिथे दिवसभर कोसळला तरी पाणी बहुतेक होतं तसंच राहतं. हे माहीत नसल्याने लोक पावसाचं चिन्ह पाहून प्रवाळबेटांची सहल रद्द करतात आणि आदल्या रात्रीचा मुसळधार पाऊस विसरून सकाळच्या उन्हात ओढ्याच्या मुखाशी उतरतात.

उन्हाचा दगा याहून मोठा. वारा नाही, आकाश स्वच्छ, पाणी आरशासारखं. आणि खाली गेल्यावर समुद्र आपल्याला झोपाळ्यावर बसवतो. अशी एक सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. आठ मीटरवर समुद्रपंखे (पंख्यासारखे पसरट प्रवाळ) आधी सगळे एकदम डावीकडे वाकले, क्षणभर थांबले, मग सगळे उजवीकडे. वाळूचा एक पडदा उठायचा, बसायच्या आत दुसरा उठायचा. मी एका खडकाकडे निघाले की चार हात पुढे आणि तीन हात मागे. शेजारचा नवशिक्या डायव्हर आधारासाठी प्रवाळाला धरायला गेला आणि हातमोजा नसल्याने तळहात सोलून घेतला.

कारण होतं स्वेल. शेकडो-हजारो किलोमीटरवरच्या वादळाने उठवलेल्या लाटा वारा मागे टाकून आपल्यापर्यंत येतात. अंदाज पाहताना लोक लाटेची उंची वाचतात आणि शेजारचा सेकंदांचा आकडा सोडून देतात. तो असतो पिरियड: एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते ते. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर पिरियडचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. सहा सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, चौदा सेकंदांची ३०० मीटरच्या वर. लाट जितकी लांब, तितकी तिची हालचाल खोल पोचते. १२ मीटरवर सहा सेकंदांच्या लाटेची हालचाल साधारण पाव उरते. चौदा सेकंदांच्या लाटेची पाऊण भागाहून जास्त. म्हणजे उंची दोन्हींची एकच मीटर असली तरी खाली उतरणाऱ्यासाठी ते दोन वेगळे समुद्र आहेत.

हिंदी महासागरात या लाटा थेट दक्षिण महासागरातून येतात. केरळच्या किनाऱ्यावर त्यांना कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इनकॉइस ही संस्था त्याचे इशारे देते. बारा सेकंदांच्या वरचा पिरियड दिसला की उथळ रीफ आणि किनाऱ्यावरून पाण्यात शिरण्याचा बेत मी सोडते, ऊन कितीही लख्ख असो. सर्जमध्ये, म्हणजे स्वेलमुळे खाली पाणी पुढे-मागे ओढतं त्यात, सापडलातच, तर त्याच्याशी झगडू नका. पाणी पुढे नेतंय तेव्हा पायातले फिन मारा, मागे ओढतंय तेव्हा थांबा. आणि खडकापासून थोडे दूर, थोडे खोल व्हा.

भरतीचं कोष्टक आणि थांबलेलं पाणी

ही चूक जुने डायव्हरही करतात. कोष्टकात पूर्ण भरती १०:२० ला लिहिली आहे म्हणून १०:२० ला पाणी थांबेल, असं ते धरून चालतात. कोष्टक पाण्याची उंची सांगतं, वेग नाही. उघड्या किनाऱ्यावर दोन्ही कधी कधी जवळपास जुळतात, पण खाडीसारख्या अरुंद चॅनेलमध्ये, जिथून अख्खी लगून (रीफच्या आतलं उथळ पाणी) भरते नि रिकामी होते, तिथे भरती पूर्ण झाल्यावरही पाणी आत येतच राहू शकतं, कधी तासभर, कधी जास्त. प्रत्येक चॅनेलची ही उशिराची सवय वेगळी. ती फक्त तिथे रोज जाणाऱ्याला माहीत असते, म्हणून ॲपपेक्षा बोटवाल्याचा शब्द वरचा.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे सोमवारी नऊला शांत असलेली जागा शुक्रवारी नऊला तीच नसते. आठवडाभराच्या सहलीत "काल तर इथे काहीच करंट नव्हता" हे वाक्य हमखास कानावर येतं ते यामुळे.

तिथीकडेही लक्ष हवं. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात पाण्याची चढउतार मोठी, म्हणून चॅनेलमधला प्रवाह जोरकस, भांगात मवाळ. पहिल्यांदा करंटमध्ये उतरणार असाल तर सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी पंचांग उघडा, यात अजिबात गंमत नाही. एक नॉटचा प्रवाह म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. ऐकायला किरकोळ, पण त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहणं धडधाकट माणसालाही जमत नाही. त्यात २० मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा लागते. दमलेला डायव्हर टाकी किती लवकर संपवतो हे त्याला गेजकडे पाहिल्यावरच कळतं.

प्रवाह आतला की बाहेरचा, हेही विचारा. खुल्या समुद्रातून आत येणारं पाणी स्वच्छ असतं आणि चुकलात तर तुम्हाला लगूनमध्ये नेतं. बाहेर जाणारं पाणी लगूनचा गाळ घेऊन येतं आणि चुकलात तर उघड्या समुद्रात सोडतं. दुसऱ्या प्रकारात एसएमबी (पाण्यावर आपली जागा दाखवणारा फुगवायचा बोया) आणि शिट्टीशिवाय उतरणं शुद्ध मूर्खपणा आहे.

खाली गेल्यावर आपले बुडबुडे वर जाण्याऐवजी आजूबाजूला घोटाळताना किंवा खाली जाताना दिसले, समोरचे मासे नाक वर करून पोहताना दिसले, तर पाणी खाली खेचतंय. सरळ वर पोहत सुटायचं नाही. दम संपतो आणि खोली वाढतच जाते. रीफ हाताशी असेल तर मेलेला खडक धरून थांबा, श्वास ताळ्यावर आणा, मग आडवे सरका. असे पट्टे बहुतेक वेळा रुंद नसतात. बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये, हवा भरावी लागली तर पट्ट्यातून सुटताक्षणी ती सोडायची तयारी ठेवा, नाहीतर बुचासारखे वर फेकले जाल.

वरच्या पाण्याला हात लावून वेटसूट निवडणं

पृष्ठभागाचं पाणी २९ अंश म्हणजे खालचंही २९, हे गृहीत धरू नका. इंडोनेशियात कोमोडोच्या उत्तरेला लोक पातळ सूटमध्ये मजेत असतात आणि त्याच दिवशी दक्षिणेला, जिथे खोलवरचं गार पाणी वर येतं, दात वाजत असतात. बालीजवळ नुसा पेनिडाला मोला मोला म्हणजे सूर्यमासा साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये दिसतो तो या गार पाण्याबरोबरच, आणि ते २० अंशांच्याही खाली जाऊ शकतं. मासा पाहायचाय तर कुडकुडायची तयारी हवी.

अंदमान समुद्राचा प्रकार अजून वेगळा. तिथे पृष्ठभागाखालून प्रचंड अंतर्गत लाटा चालतात. वर काही कळत नाही, आणि खाली काही मिनिटांत हिरवट गार पाणी अंगावर येऊन तापमान कितीतरी अंशांनी उतरतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं माझाच मास्क धुरकटला.

गारठलेला माणूस हवा जास्त ओढतो आणि निर्णय घाईने घेतो. शिवाय निओप्रीन दाबाने चेपतं, म्हणजे सूट जिथे सगळ्यात जास्त हवा तिथेच तो पातळ होतो. मागच्या महिन्यात त्याच जागी उतरलेल्यांना विचारा, त्यांच्या डाइव्ह-संगणकाने तळाशी किती तापमान दाखवलं. जाड सूट घेतलात तर वजन पुन्हा तपासा. पातळ सूटचा जुना आकडा लावून उतरणारे पाच मीटरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना घ्यायच्या थांब्याला) तरंगत वर जातात.

व्हिजिबिलिटीलाच सगळे मार्क देणं

"३० मीटर दिसत होतं" ही फुशारकी ठीक आहे. पण मालदीवच्या हनिफारू खाडीत मांटांचे थवे येतात ते नैऋत्य मोसमी काळात, प्लवकांनी पाणी दाट झालेलं असताना. (तिथे स्कूबाला परवानगीच नाही, फक्त स्नॉर्केलिंग. टाकी घेऊन जाऊ नका.) दहा मीटरपुढचं दिसत नसेल तर लहान गोष्टी पाहा: न्यूडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगायी), पाइपफिश, पंख्यात लपलेले पिग्मी समुद्रघोडे. गढूळ दिवशीच गाइडचे डोळे कामाला येतात.

शांत आणि कोमट महिने हेही नेहमीच वरदान नसतात. पाणी नेहमीच्या सर्वांत गरम महिन्यापेक्षा अंशभरच वर जाऊन तिथे काही आठवडे राहिलं, तरी प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडू लागतात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ संस्थेने चौथी जागतिक ब्लीचिंग घटना जाहीर केली. 'बर्फासारखं सुंदर' म्हणून फोटो टाकण्याआधी हे ठाऊक असावं. आणि अशा रीफवर फिनचा एक धक्काही महाग पडतो.

शेवटच्या दिवशी डाइव्ह

पहिले दोन दिवस वाऱ्याने खाल्ले, म्हणून तिसऱ्या दिवशी सगळ्या डाइव्ह कोंबायच्या आणि संध्याकाळचं विमान धरायचं, असं गणित मांडणारे दर सीझनला भेटतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस अशी की डिकम्प्रेशन (वर येताना सक्तीचे थांबे) न लागणाऱ्या एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. तेव्हा वाऱ्यापायी वाया जाणारा दिवस सहलीच्या सुरुवातीला धरून ठेवा, शेवटाला नाही. बोटवाल्याने डाइव्ह रद्द केली तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. नाही म्हणताना त्याचंही त्या दिवसाचं उत्पन्न बुडतं.

लॉगबुकमध्ये बहुतेक जण माशांची नावं आणि स्मायली काढतात. मी एक ओळ वाढवलीय. तिथी, वारा, स्वेलचा पिरियड, भरतीनंतर किती वेळाने पाणी थांबलं, तळाचं तापमान. एका जागेच्या माझ्या शेवटच्या नोंदीत आहे: वद्य तृतीया, ईशान्य १० नॉट, स्वेल ९ सेकंद, भरतीनंतर ५५ मिनिटांनी शांत, २२ मीटरवर २५ अंश. त्याखाली पेन्सिलने: हुडी विसरले.