एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र : विभागात पाऊल ठेवल्यापासून डिझर्टेशनपर्यंत

विद्यापीठाच्या विभागात शिकवणं आणि संशोधन एकाच छताखाली चालतं, बऱ्याचदा एकाच टेबलावर. सकाळी ज्या सेंट्रीफ्यूजवर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल झालं, त्याच्यावरच दुपारी पीएच.डी.चं काम सुरू होतं. पदवीच्या कॉलेजातून आलेल्या विद्यार्थ्याला हे पटकन लक्षात येत नाही. तिथे द्रावणं तयार मिळायची, स्लाइड फोकस करून ठेवलेली असायची, उत्तर आधीच ठाऊक असायचं. इथे बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) स्वतः बनवायचं, आणि ते चुकलं तर पुढे आठ दिवस सगळ्यांचे रिझल्ट चुकतात. संशोधन शिकायला चौथ्या सेमिस्टरची वाट पाहू नका. ते पहिल्या प्रॅक्टिकलच्या द्रावणापासूनच सुरू होतं, असं मानून कामाला लागा.

तासांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये २०२३-२४ पासून लागू झालेल्या रचनेत प्रत्येक सेमिस्टर २२ क्रेडिटचं असतं. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती ४ क्रेडिट, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट ४, तिसऱ्याला रिसर्च प्रोजेक्ट ४ आणि चौथ्याला ६. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. म्हणजे चौथ्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट कागदावर १८० तासांचा. प्रत्यक्षात काम फसून पुन्हा करण्यात यातले निम्मे तास सहज जातात. ते वाचवायचे असतील तर पहिल्या वर्षी हात बसवा.

सुरुवात पिपेटपासून करा. २ ते २० मायक्रोलिटरच्या पिपेटने १ मायक्रोलिटर घ्यायचं नाही आणि २० च्या पुढे डायल फिरवायची नाही. आतली यंत्रणा कायमची बिघडते. पहिल्या स्टॉपपर्यंत दाबून द्रावण घ्यायचं, सोडताना दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबायचं. नवखे विद्यार्थी घेतानाच दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबतात आणि जास्त द्रावण ओढतात. तपासणी सोपी आहे : १०० मायक्रोलिटर पाणी तराजूवर साधारण ०.१ ग्रॅम भरायला हवं. दहा वेळा मोजा. आकडे एकमेकांपासून लांब जात असतील तर दोष हाताचा, सगळेच एका बाजूला सरकलेले असतील तर बहुतेक पिपेटचा.

मग बफर. एक लिटर १ मोलर ट्रिस करायचं तर १२१.१४ ग्रॅम ट्रिस ८०० मि.ली. पाण्यात विरघळवायचं, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८.० आणायचा, आणि त्यानंतरच एक लिटरपर्यंत पाणी भरायचं. आधी लिटर भरून मग आम्ल घातलं की आकारमान वाढतं, संहती कमी होते. आम्ल घातल्यावर द्रावण गरम होतं आणि ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर बदलतो, एका अंश सेल्सिअसला जवळपास ०.०३ ने. म्हणून ते थंड होऊ द्या आणि मगच शेवटचं रीडिंग घ्या. ०.५ मोलर ईडीटीएला नवखे लोक हमखास अडतात. लिटरला १८६.१ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए पाण्यात टाकून तासभर ढवळलं तरी पांढरं गढूळ तसंच राहतं, मग जास्त पाणी घालावंसं वाटतं. पाणी घालू नका. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या थोड्या टाका, लिटरला २० ग्रॅमच्या आसपास लागतात. पीएच ८ च्या जवळ गेला की द्रावण आपोआप स्वच्छ होतं. बाटलीवर नाव, संहती, पीएच, तारीख आणि तुमची आद्याक्षरं लिहा. नुसतं 'बफर' लिहिलेली बाटली ओतून द्यावी लागते.

कांद्याच्या मुळाची स्लाइड सगळ्यांनी बी.एस्सी.ला केलेली असते, आणि चांगली फार थोड्यांना जमते. जुनी वाळलेली मुळं खरवडून कांदा पाण्याला जेमतेम टेकेल असा ठेवा. मुळं एक-दोन सें.मी. झाली की सकाळच्या वेळी टोकं कापून इथेनॉल तीन भाग आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल एक भाग अशा ताज्या मिश्रणात २४ तास ठेवा, नंतर ७० टक्के इथेनॉलमध्ये फ्रीजमध्ये. साठवणुकीतला कांदा मुळं धरत नसेल तर लसूण वापरा. दोघांचीही गुणसूत्रं १६ आहेत. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ५ ते ८ मिनिटं ठेवलं की पेशी सुट्या होतात. वेळ कमी पडला तर पेशींचे थर एकावर एक राहतात, जास्त झाला तर मुळाचा लगदा होऊन टोक हातातून निसटतं. ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवल्यावर सर्वांत गडद दिसणारे टोकाचे एक-दीड मिलिमीटर तेवढे ठेवा, बाकी काढून टाका. विभाजन तिथेच सापडतं. लांब लांब, मोठी रिक्तिका असलेल्या पेशी दिसत असतील तर तुम्ही मुळाचा वरचा भाग दाबला आहे. कव्हरस्लिप ठेवून, वर ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. बाजूला सरकली की पेशी गुंडाळल्या जातात. गुणसूत्रं मोजायची असतील तर फिक्स करण्याआधी मुळं ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनमध्ये तीन-चार तास ठेवावी लागतात, म्हणजे ती आखूड होऊन वेगळी दिसतात. मायटोटिक इंडेक्स, म्हणजे विभाजन होत असलेल्या पेशींचं प्रमाण, काढताना मात्र हे करू नका, कारण पेशी मेटाफेजला अडकून आकडा फुगतो. आणि जिथे विभाजन छान दिसतंय तिथेच मोजू नका. निदान तीन मुळांच्या स्लाइड घ्या, ठरलेल्या पद्धतीने क्षेत्रं बदलत हजारेक पेशी मोजा.

याच मोजणीतून रेप्लिकेट, म्हणजे प्रयोगाची स्वतंत्र पुनरावृत्ती, म्हणजे काय ते कळतं. एकाच मुळावरची तीन क्षेत्रं ही तीन रेप्लिकेट नव्हेत. एकाच अर्काची स्पेक्ट्रोफोटोमीटरवर घेतलेली तीन रीडिंगंही नव्हेत. त्यातून फक्त यंत्र किती स्थिर आहे ते कळतं. तीन वेगवेगळी झाडं, तीन वेगवेगळे अर्क, ही खरी रेप्लिकेट. व्हायव्हाला या मुद्द्यावर अडकलेला प्रबंध कोणत्याही सांख्यिकी चाचणीने सावरता येत नाही.

डीएनए काढण्यासाठी विभागात बहुतेक सीटॅब (पेशी फोडणारा एक डिटर्जंट) पद्धत वापरतात : सीटॅब २ टक्के, मीठ १.४ मोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, ट्रिस १०० मिलिमोलर, आणि वापरण्याच्या वेळी मर्कॅप्टोइथेनॉल. साधारण १०० मि.ग्रॅ. कोवळं पान, ६५ अंशांवर अर्धा तास, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४ : १, आणि आयसोप्रोपेनॉलने अवक्षेप. जांभूळ, कोकम, आंबा यांच्या पानांत फिनॉलिक द्रव्यं भरपूर असतात. पेलेट (तळाशी बसलेला डीएनएचा साका) तपकिरी आला की ती डीएनएला चिकटली आहेत असं समजा. पान वाटतानाच फिनॉलिक द्रव्यं धरून ठेवणारं पीव्हीपी घाला आणि वाटलेलं पान उघडं ठेवू नका. पेलेट जेलीसारखा लिबलिबीत असेल तर पॉलिसॅकराइड आलं आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) १.८ आलं म्हणून खूश होऊ नका, २६०/२३० पण पाहा. ते दोनच्या बरंच खाली असेल तर पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) बहुधा अडेल. अशा वेळी आधी नमुना दहापट विरल करून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

पीसीआरचं मास्टर मिक्स लागेल त्यापेक्षा दहा टक्के जास्त करा आणि टेम्प्लेटऐवजी (नमुन्याच्या डीएनएऐवजी) पाणी घातलेली एक ट्यूब दर वेळी ठेवा. त्या ट्यूबमध्ये बँड आला तर बाकी सगळ्या बँड रद्द, कितीही सुंदर दिसत असल्या तरी. आयटीएस या ओळख पटवायला वापरल्या जाणाऱ्या डीएनए भागाचे नेहमीचे प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) पानावरच्या बुरशीचाही डीएनए वाढवतात, त्यामुळे सिक्वेन्स आल्यावर झाडाऐवजी बुरशीचं नाव निघू शकतं. पान नीट पुसून घ्या, आणि जोडीला आरबीसीएल हा हरितलवकातला जीन करा. जेल एक टक्का, म्हणजे १०० मि.ली. टीएई बफरमध्ये १ ग्रॅम ॲगारोज. जेल नुसत्या पाण्यात केलं तर डीएनए जेमतेम सरकतो. वायर उलट्या लावल्या तर डीएनए विहिरींतून मागच्या बाजूला निघून जातो. डीएनए दाखवणारा घातक रंग, इथिडियम ब्रोमाइड, लागलेल्या ग्लव्हने दाराची कडी, मोबाइल, वही काहीच धरायचं नाही.

दिसलेल्या गोष्टीची शहानिशा करण्याचं मोल किती मोठं असतं हे आपल्याच देशातल्या एका विभागाने दाखवलं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांना धोतऱ्याच्या परागकोशांच्या संवर्धनात भ्रूणांसारख्या रचना दिसल्या, आणि १९६४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पण त्या रचना परागकणांतून आल्या की परागकोशाच्या भिंतीतून, हा प्रश्न उरला होता. त्या परागकणांतूनच येतात हे त्यांनी १९६६ च्या शोधनिबंधात दाखवलं. हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) रोपांपासून वाण तयार करण्याचं तंत्र या कामावर उभं राहिलं. अनपेक्षित दिसलेलं त्यांनी फेकून दिलं नाही, आणि दिसलं तेवढ्यावर थांबलेही नाहीत. तुमच्या वहीतही 'काहीतरी वेगळं दिसलं' एवढंच लिहू नका : कोणती ट्यूब, कितवा दिवस, काय दिसलं, फोटो क्रमांक किती, हे सगळं त्याच दिवशी शाईने लिहा. चुकलेलं एका रेघेने खोडा, पान फाडू नका.

प्रोजेक्टचा विषय निवडताना सर किंवा मॅडमशी बोलण्याआधी ऋतूचा हिशेब करा. तिसरं सेमिस्टर पावसाळ्यात येतं, चौथं हिवाळा-उन्हाळ्यात. सड्यांवरचा (जांभ्याच्या पठारांवरचा) तेरडा, कंदीलपुष्प, गेंद यांवर काम करायचं तर नमुने ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच हाती यायला हवेत. जानेवारीत विषय ठरवला तर सड्यावर वाळलेलं गवत सापडेल. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा तिच्या फुलांवरचा विषय मागचा बहर विचारल्याशिवाय घेऊ नका. संरक्षित क्षेत्रात वनविभागाची लेखी परवानगी लागते, तिलाही वेळ जातो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथलं रोप परवानगीशिवाय उपटणं कोणत्याही कारणाने चालणार नाही.

ज्या झाडाचा डीएनए काढलात त्याचाच हर्बेरियम नमुना ठेवा, त्याच फील्ड क्रमांकाने. पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये, फांदी वर्तमानपत्रात. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते आणि पानं गळतात. फुलाचा रंग, चीक, वास, उंची जागेवरच लिहा, वाळल्यावर यातलं काही उरत नाही. ओळख पटवायला थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीतली ओळखीची कळ (लक्षणांवरून नावापर्यंत नेणारी की) आजही उपयोगी पडते, पण तिथली बरीच नावं बदललेली आहेत. शंका असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रातले किंवा आघारकर संशोधन संस्थेतले नमुने पाहायची वेळ मागून घ्या. जुने नमुने मर्क्युरिक क्लोराइडने विषारी केलेले असतात, ग्लव्ह घालूनच हाताळा.

रसायनांची यादी दिवाळीआधी द्या. विद्यापीठात कोटेशन, मंजुरी, ऑर्डर असा क्रम असतो आणि मार्च जवळ आला की सगळ्यांचीच घाई होते. प्रायमर मागवताना क्रम ५' कडून ३' कडे लिहिलाय ना, हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. उलटा मागवला तर पैसे आणि दोन आठवडे दोन्ही जातात.

पुढे पीएच.डी. करायची असेल तर गाइडकडे जागा आहे का, हे तिसऱ्या सेमिस्टरलाच विचारा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे आवडत्या लॅबमधली जागा कोणाचा प्रबंध कधी सादर होतो यावर अवलंबून राहते. ते त्या लॅबमधले सीनियर विद्यार्थीच नेमकं सांगू शकतात.