टूलकिट हँडहेल्डवर नेताय? या चुका टाळा

बिल्डआधी लागणाऱ्या गोष्टी तपासणारी काँफिगर स्क्रिप्ट सगळं सापडल्याचं सांगते, कंपाइल सुरळीत होतं आणि अगदी शेवटी, सगळे तुकडे जोडणारा लिंकर अडून बसतो: फाइलचा फॉरमॅट जुळत नाही. जीटीके किंवा क्यूटीसारखं टूलकिट (बटणं, मेनू, खिडक्या काढणारा लायब्ररींचा संच) डेस्कटॉपवरून एआरएम प्रोसेसरच्या छोट्या यंत्रावर, म्हणजे हँडहेल्डवर, नेताना पहिली ठेच बहुतेकांना इथेच लागते. लायब्ररी कुठे आहेत ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगनं यंत्राच्या लायब्ररी सोडून तुमच्या पीसीवरच्या दाखवलेल्या असतात. पुष्कळ जण त्याचं 'पाथ' व्हेरिएबल बदलून बघतात. त्यानं शोधायच्या फोल्डरांत फक्त भर पडते, पीसीचे फोल्डर यादीत राहतातच. बदलायचं ते 'लिबडिर' व्हेरिएबल, त्यानं मूळ यादीच बदलते, आणि जोडीला सिसरूट, म्हणजे यंत्राच्या फाइलींची पीसीवरची प्रत असलेला फोल्डर, द्यायचा.

काँफिगरची आणखी एक खोड आहे. काही उत्तरं ती छोटे प्रोग्रॅम चालवून शोधते, आणि एआरएमचा प्रोग्रॅम पीसीवर चालत नाही. जीटीकेच्या पायाशी असलेल्या जीलिब लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या म्हणूनच स्टॅक कोणत्या दिशेनं वाढतो असल्या प्रश्नावर थांबायच्या. ही उत्तरं काँफिगरच्या कॅश फाइलमध्ये आधीच लिहून द्यावी लागतात. दुसऱ्याची फाइल डोळे झाकून उचलू नका. चुकीच्या उत्तरावर बिल्ड तक्रार करत नाही, प्रोग्रॅम नंतर यंत्रावर कोसळतो.

आता सगळ्यात छळणारी चूक. एआरएम लिनक्सवर सी भाषेतला साधा 'चार' (char) हा डेटा टाइप अनसाइन्ड (उणे किंमत न धरणारा) असतो, पीसीच्या एक्स८६ प्रोसेसरवर साइन्ड. वाचलेलं अक्षर 'चार'मध्ये ठेवून ते उणे एक (फाइल संपल्याची खूण) आहे का बघणारा लूप डेस्कटॉपवर फाइल संपताच थांबतो, हँडहेल्डवर कधीच थांबत नाही. असा एक लूप शोधण्यात माझे दोन दिवस गेले, कारण मी टचस्क्रीनच्या ड्रायव्हरवर संशय धरून बसलो होतो. 'चार' साइन्ड धरायचा कंपाइलरचा पर्याय देऊन बघा. अडचण गेली तर निदान पक्कं. पण दुरुस्ती म्हणून तो पर्याय ठेवू नका, ते व्हेरिएबल 'इंट' करा.

आयकॉनचे रंग विनाकारण बिघडत असतील तर अलाइनमेंट, म्हणजे मेमरीतला डेटा योग्य पत्त्यावर आहे का, ते तपासा. जुन्या एआरएमवर ४ ने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून ३२ बिट वाचले, तर प्रोग्रॅम न कोसळता बाइट फिरलेली किंमत मिळू शकते. प्रॉक-सीपीयूखालच्या अलाइनमेंट फाइलमध्ये ३ लिहिलंत तर कर्नल (लिनक्सचा गाभा) वाचन दुरुस्तही करतो आणि लॉगमध्ये इशाराही देतो.

शार्प झौरस एसएल-५५०० आणि कॉम्पॅक आयपॅक एच३६०० या दोन्ही जुन्या हँडहेल्डांत २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म हा एआरएम प्रोसेसर होता, एफपीयू (दशांश आकडेमोड करणारा भाग) नव्हता. २००५ मध्ये जीटीके २.८ नं चित्र काढण्यासाठी कैरो ही लायब्ररी घेतली. तिचं एपीआय (प्रोग्रॅमनं वापरायची फंक्शनं) 'डबल' या दशांश संख्यांच्या टाइपवर चालतं, त्यामुळे अशा यंत्रावर साधं बटण रंगवायलाही सॉफ्टवेअरनं आकडेमोड करावी लागते. त्यात बायनरीत एफपीयूच्या सूचना राहिल्या तर दर सूचनेला कर्नलमध्ये उडी बसते आणि स्क्रोल रखडतं. सगळी टूलचेन (कंपाइलर, लिंकर वगैरे) सॉफ्ट-फ्लोटची, म्हणजे दशांश आकडेमोड सॉफ्टवेअरनं करणारी, ठेवा. काही लायब्ररी एका पद्धतीच्या, काही दुसऱ्या, असं अजिबात नको.

पडद्याचं दुखणं लगेच दिसतं. २४० बाय ३२० मध्ये डेस्कटॉपचा डायलॉग मावत नाही आणि 'ओके' बटण पडद्याखाली जातं. फाँट बारीक करून ते सुटत नाही, बोटाला बटण सापडेनासं होतं. डायलॉग नव्याने मांडा. होव्हरवर दिसणारी माहिती आणि राइट-क्लिकचे मेनू यांनाही दुसरी वाट द्या. नोकिया ७७० चा पडदा ८०० बाय ४८० होता, तरी त्याच्या मेमो या प्रणालीत नुसतं जीटीके न वापरता त्यावर हँडहेल्डसाठीच्या हिल्डनचा थर दिला होता.

जागा वाचवायला अक्षरजुळणीची लायब्ररी काढून टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. ती नसेल तर 'कि'मधली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. त्यापेक्षा बायनरी स्ट्रिप करा (डीबगची माहिती काढून टाका) आणि न वापरलेले विजेट (बटणं, याद्यांसारखे घटक) वगळा, तिथे बरीच जागा निघते.

बॅटरी लवकर उतरत असेल तर टायमर बघा. सेकंदाला दहादा जागा होणारा टायमर डेस्कटॉपवर कुणाच्या लक्षात येत नाही, इथे तो प्रोसेसरला झोपूच देत नाही. जीलिब २.१४ पासून सेकंदांच्या हिशेबानं चालणारे टायमर आहेत, ते एकत्र गोळा होऊन एकदाच जागे करतात. मिलिसेकंदांची गरज नाही तिथे तेच वापरा, आणि पडदा बंद असताना कर्सरचं लुकलुकणंही थांबवा.