शेतातल्या प्रयोगासाठी ग्रँट मागायचीय? आधी प्रश्न बारीक करा

अनुदान वेगळं आणि संशोधनाची ग्रँट वेगळी, हे आधी डोक्यात पक्कं करा. अनुदान वस्तूसाठी मिळतं, ठिबक घेतलं, बिल लावलं, झालं. ग्रँट मिळते ती एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायला, म्हणून "जमीन सुधारायचीय, मदत करा" असे अर्ज मागे पडतात, गरज कितीही खरी असली तरी. आणि हे फक्त शास्त्रज्ञांचं काम आहे असंही नाही, अमेरिकेत सेअर नावाचा सरकारी कार्यक्रम १९८८ पासून शाश्वत शेतीच्या संशोधनाला पैसे देतोय, त्यात शेतकऱ्याला स्वतः अर्ज करता येतो.

"सेंद्रिय शेती फायद्याची आहे का" हा प्रश्न फार मोठा झाला. "पिकाच्या दोन ओळींच्या मध्ये पालापाचोळ्याचं आच्छादन टाकलं तर खुरपणीची एक पाळी वाचते का" हा प्रश्न एका हंगामात तपासता येतो.

आता खरं काम, प्रयोगाची आखणी. बहुतेक जण अर्ध्या शेतात नवीन पद्धत आणि अर्ध्यात जुनी असं करतात, पण एक बाजू मुळातच सखल किंवा भारी मातीची असली तर फरक पद्धतीचा की मातीचा हे कोण सांगणार? म्हणून शेताचे लांब पट्टे पाडा, दोन-दोनच्या निदान चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीत कुठला पट्टा नवीन पद्धतीचा ते चिठ्ठी टाकून ठरवा, मनाने नाही. मोजमाप पट्ट्याच्या मधल्या ओळींचंच घ्या, कडेला शेजारच्या पट्ट्याचा परिणाम येतो. जुन्या पद्धतीचा पट्टा मोडायचा मोह होतो पण तो राखाच, इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाचा एक पट्टा बिनखताचा ठेवलाय आणि बाकीच्या पट्ट्यांची तुलना आजही त्याच्याशी होते.

काय मोजणार तेही अर्जात स्पष्ट लिहा. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन, एक-दोन वर्षांत वाढलेला दाखवू असं वचन देऊ नका, तो इतका हळू बदलतो की दोन नमुन्यांतला फरकच त्याच्यापेक्षा मोठा निघतो. त्यापेक्षा तण मोजा, मजुरीचे तास मोजा, एक फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यातली गांडुळं मोजा. पाणी मुरण्याची चाचणी तर घरच्या घरी होते: १५ सेंटीमीटर व्यासाची, पाइपच्या तुकड्यासारखी दोन्हीकडून उघडी लोखंडी कडी थोडी वर राहील अशी जमिनीत ठोका, ४४० मिली पाणी ओता म्हणजे अडीच सेंटीमीटरचा थर होतो, ते मुरलं की परत तेवढंच ओता आणि या दुसऱ्या वेळी घड्याळ लावा.

बजेटमध्ये लॅबची फी, मजुरी आणि नियमात बसत असेल तर तुमच्या स्वतःच्या वेळेचे पैसेही धरा, लोक संकोचाने हे सोडतात आणि मग नोंदी अर्धवट राहतात. ट्रॅक्टर, शेड असला खर्च बऱ्याच ठिकाणी चालत नाही, जाहिरात नीट वाचा. कृषी विद्यापीठातल्या कुणाला सोबत घ्यायचं तर आखणीच्या आधीच भेटा, सहीपुरतं शेवटच्या आठवड्यात गेलात तर आखणीतली चूक दाखवायला त्यांच्याकडेही वेळ नसतो.

आणि फरक पडला नाही तर काय लिहिणार, हेही अर्जातच सांगून टाका: पडला नाही असंच लिहू, आकड्यांसकट, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना ते पट्टे बांधावर उभं करून दाखवू.