वाडीतल्या पीएचा सत्कार करताय? बॅनरवर काय लिहायचं ते आधी बघा

गणपती आले की आमच्या कुडाळ-कणकवली पट्ट्यात सत्कारांची लाईन लागते. दहावीवाले, नवीन वकील, आणि हल्ली मुंबई-चेन्नईच्या हॉस्पिटलात फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंटचं बघणारे) म्हणून लागलेली वाडीतली पोरंपण. बॅनरवाला सरळ 'डॉ.' ठोकतो आणि म्हातारी माणसं विचारतात, "कंपाउंडर झालास काय रे?" दोन्ही नको.

आधी त्या पोराला किंवा पोरीलाच विचारा, आयकार्डवर काय लिहिलंय, फोटो मागवा आणि तेच उतरवा. कारण पदाचं नाव सगळीकडे एकच नाय. आपल्याकडच्या 2021 च्या कायद्यात फिजिशियन असोसिएट हे नाव आहे, त्याच वर्षी अमेरिकेतल्या पीएंच्या संघटनेनेपण असिस्टंट सोडून असोसिएट घेतलं, तर 2025 मध्ये ब्रिटनच्या सरकारी रिव्ह्यूने उलट असिस्टंट करा म्हणून सांगितलं. त्यांचंच ठरत नाय तर आपण कशाला डोकं लावा. नुसतं 'पीए' मात्र लिहू नका, गावात पीए म्हटलं की आमदाराचाच वाटतो आणि दुसऱ्या दिवशी लोक बदलीचे अर्ज घेऊन दारात.

'डॉ.' का नको? अहो ती पोरं डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात, स्वतःचा दवाखाना टाकत नाहीत. बॅनरचा फोटो फिरत फिरत हॉस्पिटलात पोचला तर जाब त्यांनाच विचारणार, तुम्हाला नाय. शिवाय सत्कार झाला की अर्धी वाडी बीपीची गोळी लिहून मागायला येते, त्यात गोळी काय द्यायची ती आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनीच द्यायची. आणि पोरगी स्वतः म्हणाली ना "मी डॉक्टर नाय हो", की "राहू दे गो, आमच्यासाठी तूच डॉक्टर" करू नका, कौतुक वाटतं पण तिची अडचण होते.

बोलताना गावात ताई, दादा ठीकच आहे. हॉस्पिटलात मॅडम, सर म्हणा. सिस्टर नको, नर्सचं शिक्षण वेगळं आणि काम वेगळं.

निवेदकाला मात्र नुसतं पद देऊ नका, काम सांगायला लावा. म्हणजे असं: "या हार्टच्या डिपार्टमेंटला आहेत, पेशंटची हिस्ट्री घेतात, राउंडला डॉक्टरांसोबत असतात, ऑपरेशनच्या टीममध्येपण असतात." एवढं ऐकलं की कंपाउंडरवाला प्रश्न येत नाय. वाटलंच तर जोडा की आपल्या देशात हा कोर्स 1992 मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला, म्हणजे कालपरवाचं फॅड नाय.

स्टेजवर डॉक्टरांना शाल-श्रीफळ आणि पीए, नर्स, आशाताईंना नुसतं गुलाबाचं फूल हा प्रकार बंद करा, शाल सगळ्यांना सारखी घ्या. बजेट नसेल तर सगळ्यांनाच फूल.

आणि फ्लेक्स छापायच्या आधी प्रूफ त्यांनाच व्हॉट्सॲपवर पाठवा, चतुर्थीच्या गर्दीत छापणारा दुसऱ्यांदा छापून देत नाय.